अंगकोरची देवळं आणि त्यांना तांदूळ पुरवणारी गावं

कंबोडियातल्या अंगकोर इथल्या ता प्रोम देवळाचं छायाचित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. भिंतीला कवटाळून बसलेली झाडाची जाडजूड मुळं आणि त्यांच्या आडून डोकावणारं दगडी दार. ते पाहून वाटतं, जंगलात हरवलेलं एकाकी देऊळ असणार. पण याच देवळातला शिलालेख वाचला की हे चित्र पार बदलतं. लेख संस्कृतात आहे, ११८६ सालचा, म्हणजे शके ११०८. त्यात म्हटलंय की देवळाच्या आवारात १२,६४० माणसं राहत होती आणि त्यांत ६१५ नर्तकी होत्या. देवळाला ३,१४० गावं नेमून दिली होती आणि एकूण ७९,३६५ माणसं त्याच्या सेवेत होती.

हे देऊळ म्हणजे एक प्रचंड कारभार होता. तांदूळ, तेल, कापड, मध, मेण असं काय काय गावांतून यायचं आणि देवापासून नर्तकीपर्यंत सगळ्यांचं त्यावर चालायचं. आपल्याकडच्या देवस्थान इनामांची कल्पना ज्यांना आहे, त्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. फक्त आकार काहीच्या काही मोठा. म्हणून मला वाटतं, अंगकोरला जाऊन नुसती देवळं पाहिली तर निम्मंच पाहून होतं. उरलेलं निम्मं आजूबाजूच्या गावांत आहे, आणि ती गावं अजून तिथेच आहेत. अंगकोर म्हणजे ख्मेर राजांची, कंबोडियातल्या मुख्य लोकांच्या राजांची, जुनी राजधानी. हे जागतिक वारशाचं ठिकाण सुमारे ४०० चौरस किलोमीटरवर पसरलंय आणि त्याच्या हद्दीत शंभराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर माणसं राहतात.

तिथे पोचल्यावर पहिला गोंधळ नावांचा होतो. तो जाण्यापूर्वीच सोडवून घ्यावा, कारण निम्मे शब्द आपल्याच ओळखीचे निघतात. ‘अंगकोर’ हा ‘नगर’ शब्दाचा अपभ्रंश. ‘वाट’ म्हणजे बौद्ध विहार. ‘प्रासात’ म्हणजे प्रासाद, तिथल्या बोलीत मनोऱ्याचं देऊळ. ‘स्रेई’ म्हणजे स्त्री, म्हणून बांतेय स्रेई म्हणजे स्त्रियांचा गड. ‘थोम’ म्हणजे मोठा, ‘नोम’ म्हणजे डोंगर, ‘तोनले’ म्हणजे नदी आणि ‘ता’ म्हणजे आजोबा. महिनेसुद्धा चेत, पिसाक, चेस, आसाथ, स्राप, फोत्रोबोत, आसोच, कादेउक असे ओळीने येतात, आणि ऐकता ऐकता चैत्र-वैशाखाची ओळख पटते.

शकही तोच. ख्मेर शिलालेखांतली सालं शकांत दिलेली असतात. मेकाँग नदीकाठच्या सांबोर इथे सापडलेल्या एका लेखात ‘शक ६०५’ (इ.स. ६८३) हे साल अंकांत कोरलंय आणि मधलं शून्य एका ठिपक्याने दाखवलंय. काळ निश्चित ठरवता येतो अशा जगातल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी ते एक आहे. राजधानी नोम पेनच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो दगड आहे. शालिवाहन शकाचं पंचांग घरात असलेल्या माणसाने त्याच्यासमोर दोन मिनिटं थांबावं.

एवढी ओळख लागली की आपल्यापैकी अनेकांच्या तोंडून लगेच निघतं, ‘ही तर आपलीच देवळं.’ हे म्हणणं मला पटत नाही. शिव, विष्णू, महाभारत, संस्कृत हे सगळं तिथे पोचलं हे खरं, पण ते कुठल्या स्वारीबरोबर गेलं नाही. व्यापारी, ब्राह्मण आणि भिक्षू यांच्या ये-जा करण्यातून ते पोचलं आणि ख्मेर राजांनी त्यातलं हवं ते उचलून आपलं केलं. तिथले बरेच शिलालेख दोन भाषांत आहेत. देवाची आणि राजाची स्तुती संस्कृत श्लोकांत, आणि जमिनीच्या हद्दी, राबणाऱ्या माणसांची नावं, तांदळाची मापं हे सगळं ख्मेर गद्यात. नुसतं संस्कृत वाचणाऱ्याला राजा दिसतो. गाव पाहायचं तर ख्मेर भाग वाचावा लागतो.

दगड देवाला, लाकूड माणसाला

इथे दुसरा प्रश्न पडतो. एवढी लाखो माणसं होती, तर त्यांची घरं कुठे गेली? राजवाडे कुठे गेले? उत्तर सोपं आहे. दगडात फक्त देव राहायचे. माणसं, अगदी राजासुद्धा, लाकडाच्या घरात राहायची. लाकूड कुजलं, देवळं उरली आणि ती रानात एकटी पडल्यासारखी दिसू लागली. २०१२ आणि २०१५ मध्ये हेलिकॉप्टरमधून लेझर किरण सोडून जमिनीची मोजणी झाली. ते किरण पानांच्या फटींतून खाली जमिनीपर्यंत पोचतात. तेव्हा देवळांभोवतीचे सरळ रेषेतले रस्ते, घरांचे उंचवटे आणि प्रत्येक वस्तीचं तळं असं अख्खं शहर नकाशावर उमटलं. आजच्या ख्मेर गावात शिरलं की तीच रचना दिसते. खांबांवर उचललेलं लाकडी घर, खाली सावलीत झोपाळा, बैल किंवा हातमाग, आणि थोड्या अंतरावर तळं.

देवळांचा दगड दोन प्रकारचा. बाहेरून दिसतो तो वालुकाश्म, मऊ, बारीक कोरीवकामाला सोयीचा. तो नोम कुलेन डोंगराच्या पायथ्याकडून आणलेला, सुमारे ४० किलोमीटरवरून. आत आणि पायात मात्र लालसर, भोकाभोकांचा दगड आहे. कोकणातल्या माणसाला तो ओळखायला एक क्षणही लागणार नाही. तो जांभा आहे.

आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. अंगकोर वाटच्या ओवऱ्या इतक्या लांब असूनही अरुंद का? कारण ख्मेर गवंडी खरी कमान बांधत नसत. दोन्ही बाजूंनी दगडांचा प्रत्येक थर थोडा थोडा आत सरकवत नेऊन वर मिटवायचा, ही त्यांची रीत. अशा छताखाली रुंद दालन होत नाही. त्याच सुमारास आपल्याकडे यादवांच्या काळात बांधलेल्या हेमाडपंती देवळांतही छतं अशीच थर सरकवत घेतलेली आहेत, आणि दोन्हीकडे चुन्याशिवाय, दगडावर दगड घासून बसवलेला आहे. असं बांधकाम स्वतःच्या वजनावर शतकानुशतकं टिकतं. पण वरच्या फटीत एखादं बी रुजलं, की मुळं जाड होत होत दगड सुटे करतात. मग गंमत अशी होते की तीच मुळं त्या सुट्या दगडांना धरूनही ठेवतात. झाड काढलं तर भिंत कोसळते, ठेवलं तर हळूहळू फाटते. ता प्रोमला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खातं कंबोडियाच्या अप्सरा प्राधिकरणाबरोबर, म्हणजे अंगकोर सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेबरोबर, वीसेक वर्षं या पेचावर काम करतंय. त्याआधी १९८६ ते १९९३ या काळात, देशात यादवी चालू असताना, याच खात्याचे लोक अंगकोर वाटच्या दुरुस्तीला गेले होते. दगड रसायनांनी घासल्याबद्दल त्यांच्यावर पुढे टीका झाली, आणि तीही सांगायला हवी.

पाण्याचं गणित

अंगकोर समजून घ्यायचं असेल तर माझ्या मते सगळ्यात आधी पाणी समजून घ्यावं. तिथलं हवामान आपल्यासारखंच आहे. मे ते ऑक्टोबर धो धो पाऊस आणि पुढे कोरडं. तांदूळ खाणाऱ्या एवढ्या लोकांना जगवायचं तर पावसाचं पाणी धरून ठेवावं लागणार.

ख्मेर राज्याची सुरुवात इ.स. ८०२ ला धरतात. त्या वर्षी दुसऱ्या जयवर्मनने नोम कुलेनवर, म्हणजे तेव्हाच्या महेंद्रपर्वतावर, स्वतःला चक्रवर्ती म्हणवून घेतलं. सिएम रीप नदी याच डोंगरात उगम पावते. डोंगरातल्या प्रवाहांच्या पात्रात खडकांवर शेकडो शिवलिंगं कोरली आहेत, काही ठिकाणी शेषशायी विष्णूही. पाणी त्यांच्यावरून वाहत खाली येतं, म्हणजे मैदानातल्या शेतांना मिळतं ते तीर्थच.

खाली आल्यावर ते ‘बाराय’मध्ये साठवलं जायचं. बाराय म्हणजे चौकोनी महातलाव. खड्डा खणून तो केलेला नाही. चारी बाजूंनी मातीचे बांध घालून पाणी जमिनीच्या वर उचलून धरलं आहे. त्यामुळे बांधाला वाट करून दिली की पाणी उताराने आपोआप शेतात जातं. अकराव्या शतकातला पश्चिम बाराय सुमारे ८ किलोमीटर लांब आणि २ किलोमीटर रुंद आहे. त्यात आजही पाणी असतं, त्यावर आजही शेती होते, आणि सुटीच्या दिवशी जवळच्या सिएम रीप शहरातली कुटुंबं काठावर चटया टाकून जेवतात.

पाण्याचा दुसरा उपयोग सहसा कोणी सांगत नाही. अंगकोर वाटच्या भोवतीचा खंदक जवळपास १९० मीटर रुंद आहे. पुराणातला मेरू पर्वत मध्ये आणि समुद्र भोवती, हा त्याचा अर्थ झालाच. पण ही देवळं ठोकून बसवलेल्या वाळूच्या पायावर उभी आहेत. वाळू ओली असेल तर घट्ट बसते, कोरडी पडली की सरकते. खंदकातलं पाणी भूजलाची पातळी राखतं आणि पाया जागेवर राहतो. म्हणूनच सिएम रीपमध्ये हॉटेलं वाढली आणि प्रत्येकाने बोअरवेल मारली, तेव्हा तज्ज्ञांची झोप उडाली. अप्सरा प्राधिकरणाने मग जुने कालवे साफ केले आणि प्रेआ खान देवळाजवळचा कोरडा पडलेला उत्तरेकडचा बाराय पुन्हा भरला. नऊशे वर्षांपूर्वीच्या जलव्यवस्थेची दुरुस्ती हाच आजच्या देवळांचा बचाव ठरला.

राजधानी ओस पडण्यातही पाण्याचा हात होता. चौदाव्या-पंधराव्या शतकांत लांबलेले दुष्काळ आणि मध्येच अतोनात पावसाची वर्षं आली, हे झाडांच्या वाढीच्या वलयांवरून कळलंय. कालवे फुटले, गाळाने भरले. त्यात १४३१ च्या सुमारास अयुथयाच्या, म्हणजे आजच्या थायलंडमधल्या राज्याच्या, सयामी फौजांनी अंगकोर घेतलं आणि दरबार दक्षिणेकडे नोम पेनच्या बाजूला सरकला. पण अंगकोर वाट कधीच ‘हरवलं’ नव्हतं. तिथे भिक्षू राहत होते, यात्रेकरू येत होते. १६३२ साली आलेल्या एका जपानी यात्रेकरूने खांबावर लिहिलेला मजकूर अजून आहे. १८६० मध्ये एका फ्रेंच प्रवाशाने ते ‘शोधलं’ ही गोष्ट कोणी सांगितली, तर ती सोडून द्यावी.

काय पाहायचं, कसं पाहायचं

अंगकोर वाट दुसऱ्या सूर्यवर्मनने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधलं. त्याचं तोंड पश्चिमेला आहे, आणि ओवऱ्यांतल्या शिल्पकथा क्रमाने पाहायच्या तर देऊळ डाव्या हाताला ठेवून, म्हणजे अपसव्य, फिरावं लागतं. पितृकार्यात जानवं उजव्या खांद्यावर का घेतात हे ज्याला माहीत आहे, त्याला याचा अर्थ पटकन कळेल. यावरूनच अनेक अभ्यासक म्हणतात की हे राजाचं मृत्यूनंतरचं स्थान असावं. मरणोत्तर त्याचं नावही ‘परमविष्णुलोक’ असं झालं.

पश्चिमेच्या ओवरीत उजवीकडे वळलात की कुरुक्षेत्र आहे. शरपंजरी भीष्म शोधा, सापडतात. पुढे दक्षिणेला सूर्यवर्मनची मिरवणूक, मग यमाचा दरबार, चित्रगुप्तासकट, ३७ स्वर्ग आणि ३२ नरक. पूर्वेला समुद्रमंथन, जवळपास ५० मीटर लांब, एका टोकाला ९२ असुर आणि दुसऱ्या टोकाला ८८ देव. सकाळी बहुतेक लोक सूर्योदयासाठी तळ्याकाठी गर्दी करतात. तेवढ्या वेळात ओवऱ्या जवळजवळ रिकाम्या असतात. निवड करायची वेळ आली तर मी ओवऱ्या निवडेन.

बायोन या देवळात सगळे वर पाहतात, मनोऱ्यांवरच्या त्या मोठ्या शांत चेहऱ्यांकडे. ते पाहाच, पण त्याआधी बाहेरच्या ओवरीच्या दक्षिण भिंतीपाशी जा. सातव्या जयवर्मनच्या काळातलं रोजचं जगणं तिथे कोरलंय. कोंबड्यांची झुंज, बाळंतीण, चुलीवरचं भांडं, जाळ्यातले मासे, बाजारात तराजू धरलेल्या बायका. १२९६-९७ मध्ये इथे राहून गेलेला चिनी अधिकारी चोउ ताक्वान लिहितो की इथला व्यापार बायकाच करतात. तिथून बाहेर पडून सिएम रीपच्या भाजीबाजारात जा. गाळ्यावर कोण बसलंय ते पाहा.

याच सातव्या जयवर्मनने राज्यात १०२ आरोग्यशाळा उभ्या केल्याची नोंद ता प्रोमच्या त्याच शिलालेखात आहे.

बांतेय स्रेई लहान आहे, लाजवाब आहे. यज्ञवराह नावाच्या विद्वान ब्राह्मणाने ते इ.स. ९६७ मध्ये पूर्ण केलं. गुलाबी दगड, सोनाराच्या हातचं वाटावं असं काम. एका त्रिकोणी शिल्पात रावण कैलास हलवतोय. वेरूळच्या कैलास लेण्यात हाच प्रसंग दोनेकशे वर्षं आधीचा आहे. तिथला रावण अंगावर येतो. इथे मात्र नजर रावणावर ठरत नाही, बिथरून पळणाऱ्या प्राण्यांकडे आणि पार्वतीच्या शिवाला बिलगण्याकडे जाते.

वेळ असेल तर दहाव्या शतकातली अल्पकाळची राजधानी कोह केर. तिथल्या प्रासात चेन देवळात भीम आणि दुर्योधनाच्या गदायुद्धाचा देखावा पूर्णाकृती मूर्तींत मांडला होता. १९७० च्या दशकातल्या यादवीत चोरांनी त्या घोट्यातून तोडून नेल्या. चौथऱ्यांवर पावलं तेवढी राहिली, आणि त्या पावलांवरूनच अमेरिकेत पोचलेल्या मूर्ती ओळखल्या गेल्या. २०१४ मध्ये दोघेही परत आले. ते आता नोम पेनच्या संग्रहालयात आहेत.

गावात जाताना

अंगकोर वाटच्या पश्चिम दारात आठ हातांची विष्णूची मूर्ती आहे. लोक तिला ‘ता रीच’ म्हणतात, म्हणजे राजाआजोबा, आणि उदबत्ती लावून नवस बोलतात. प्रत्येक गावाचा असा ‘नेआक ता’ असतो, आपल्या ग्रामदैवतासारखा. देश थेरवादी बौद्ध, मूर्ती विष्णूची आणि भक्ती गावच्या पूर्वजाची, यात त्यांना काहीच विसंगत वाटत नाही. हे वाटेत फोटोसाठी मांडलेलं दृश्य नाही, चालू असलेली पूजा आहे, म्हणून बूट काढा, आवाज खाली ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर वरच्या गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या हे त्यांचे शीलाचे दिवस, तेव्हा तो सर्वांत वरचा भाग प्रवाशांना बंद असतो. पंचांग पाहून दिवस ठरवा.

पंचांग आणखी दोनदा कामाला येईल. भाद्रपदाच्या वद्य पक्षात तिथे प्चुम बेन असतो. ‘बेन’ म्हणजे पिंड. लोक पहाटे विहारात जाऊन भुकेल्या पितरांसाठी भाताचे गोळे ठेवतात, तेही अगदी आपल्या पितृपक्षाच्याच दिवसांत. शेवटच्या तीन दिवसांत शहरं रिकामी होतात आणि सगळे गावी जातात. तेव्हा गाड्या-हॉटेलं आधी ठरवा. आणि कार्तिकी पौर्णिमेला बोन ओम तूक, होड्यांच्या शर्यतींचा जलोत्सव. पावसाळ्यात मेकाँगला पूर येतो आणि तोनले साप नदी चक्क उलटी वाहून त्याच नावाचं सरोवर कित्येक पट फुगवते. पूर ओसरला की प्रवाह पुन्हा सुलटा होतो. उत्सव त्या वळणाचा आहे. माझ्या मते जायचं तर याच सुमाराला, ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर. खंदक भरलेले, भात पिकत आलेला. एप्रिलचं ऊन मात्र टाळा.

सरोवराकाठची खांबांवरची गावं पाहायला नावेतून जाता येतं. पण घरांच्या खिडक्यांत कॅमेरा घालू नका, आणि शाळेसाठी तांदळाचं पोतं चढ्या भावाने घ्या असा आग्रह कोणी केला तर नम्रपणे नको म्हणा. देवळाच्या पायऱ्यांवर मुलं पोस्टकार्डं विकतात, त्यांच्याकडूनही घेऊ नका. विक्री चांगली झाली की दुसऱ्या दिवशी शाळा बुडते. ‘अनाथाश्रमाला भेट’ असा कार्यक्रम कोणी सुचवला तरी टाळा. तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, हे सरकारी पाहणीतच दिसून आलंय. पैसे मोठ्या माणसांच्या हातात जाऊ द्या: जेवणाची टपरी, टुकटुक, विणकर, गावातली घरगुती मुक्कामाची सोय.

एक अवघड गोष्टही माहीत असावी. २०२२ पासून अंगकोरच्या हद्दीतली सुमारे दहा हजार कुटुंबं रुन ता एकसारख्या दूरच्या वसाहतींत हलवायचं काम सुरू झालं. सरकार म्हणतं, ही अलीकडे अनधिकृतपणे वसलेली माणसं आहेत आणि ती स्वखुशीने गेली. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२३ च्या अहवालात याला सक्तीचं विस्थापन म्हटलं. देवळासमोर नारळ विकून ज्याचं चालतं, त्याला वीसेक किलोमीटर लांब नेलं तर त्याने विकायचं कुणाला? वारसा जपायलाच हवा. पण ज्या जागेचा वारसा मुळातच देवळं आणि गावं मिळून बनलाय, तिथून गावं उचलली तर जपलं काय?

थोडं व्यवहाराचं. अंगकोरचा पास २०१७ पासून एका दिवसाला ३७, तीन दिवसांना ६२ आणि सात दिवसांना ७२ डॉलर असा आहे. निघण्यापूर्वी ताजा दर पाहून घ्या. तीन दिवस सलग वापरावे लागत नाहीत, आणि माझा कौल तीन दिवसांनाच. प्रत्येक पासातले दोन डॉलर मुलांच्या मोफत रुग्णालयांना जातात. डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, एक डॉलर म्हणजे साधारण चार हजार रिएल. शाकाहारी असाल तर नुसतं ‘मांस नको’ सांगून भागत नाही, माशाचं पाणी जवळपास प्रत्येक भाजीत असतं, तेही नको म्हणून सांगा. दूरच्या देवळांत मळलेली पायवाट सोडू नका. भूसुरुंग अजून पूर्ण निघालेले नाहीत. प्रेआ विहेअर आणि बांतेय छमार ही देवळं थाई सीमेजवळ आहेत. जुलै २०२५ मध्ये त्या सीमेवर लढाई झाली, म्हणून परिस्थिती विचारल्याशिवाय तिकडे निघू नका.

बांतेय स्रेईच्या वाटेवर प्रेआ दाक गाव लागतं. रस्त्याकडेला मोठ्या कढया चुलीवर चढवलेल्या असतात आणि बायका ताडाचा रस आटवत बसलेल्या असतात. बांबूला जोडलेल्या आडव्या खुंट्यांवरून चढून कोणीतरी तो रस पहाटे उतरवलेला असतो. तिथे थांबा, नोम बान चोक नावाच्या तांदळाच्या शेवया खा, तो ताडगूळ चाखून पाहा. गुळाच्या छोट्या वड्या ताडाच्याच पानाच्या नळीत बांधून देतात. सामानात ती नळी वरच्या बाजूला ठेवा, ओल लागली की गूळ पाघळतो.